'फाइन' म्हणजे छान, बारीक की दंड?

शाईडाग

मंडळी, आधी माझी फजिती सांगतो, मग प्रश्न विचारतो.

बरीच वर्षं झाली. एका ग्रंथालयाच्या माहितीपत्रकाचं मराठी करून द्यायचं होतं. सगळा मजकूर तुटक, एकेका ओळीचा. वाचनकक्ष, तळमजला. वर्तमानपत्रं, तळमजला. मग आलं 'फाइन कलेक्शन, पहिला मजला'. मी क्षणभरही न थांबता लिहिलं, 'दंडवसुली, पहिला मजला'. ग्रंथालय म्हटलं की दंड आलाच, असा माझा (स्वानुभवाचा) समज. पत्रक छापून वाटून झालं. पहिल्या मजल्यावर प्रत्यक्षात होती जुन्या, देखण्या बांधणीची पुस्तकं, आणि ती सांभाळणारे गृहस्थ पुढचे दोन महिने पैसे घेऊन वर येणाऱ्यांना 'खाली भरा, खाली भरा' म्हणत होते. दोष एकट्या 'फाइन'चा नाही म्हणा. 'कलेक्शन'ही फितूर निघालं. संग्रहही तेच आणि वसुलीही तेच.

आता एका इंग्रजी कथेचं मराठी करतोय आणि हा प्राणी पुन्हा आडवा आलाय. कथेतली अडचण नंतर सांगतो, आधी पाया पक्का करू. फाइन म्हणजे उत्तम. फाइन म्हणजे बारीक, तलम. फाइन म्हणजे दंड. आभाळ उघडलेलं असलं तर हवा फाइन, खोकला गेला तर तब्येत फाइन. 'ठीक आहे, कर' अशी परवानगीही फाइन आणि 'कर काय करायचं ते' असा फणकाराही फाइनच. एवढी बिऱ्हाडं एका शब्दात कशी नांदतात? जाणकारांनी लिहावं, अजाणांनी तर जरूर लिहावं.

आडवाउभा

शाईडाग, उगाच डोकं शिणवताय. हे तीन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग योगायोगाने एक झालंय. आपला 'दंड' घ्या. काठी तो दंड, शिक्षा तो दंड, कोपराच्या वरचा हात तो दंड, आणि पहाटे जोर काढतात तेही दंड. यांचा एकमेकांशी काय संबंध?

पूर्वपद

आडवाउभा, उदाहरण तुमच्याच अंगावर आलं! ते सगळे दंड एकाच काठीचे आहेत. हातात काठी असलेला शिक्षा करतो म्हणून शिक्षा ती दंड. काठीसारखा सरळ म्हणून हात. काठीसारखं जमिनीवर आडवं व्हायचं म्हणून दंडवत. मूळ एक, फांद्या लांब गेल्या.

'फाइन'चंही तेच झालंय. कोशात विशेषण आणि दंडवालं नाम वेगवेगळ्या नोंदींत असतं हे खरं, पण दोघांचं आजोळ एक. लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे शेवट, आणि हद्दसुद्धा. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'फिन' झालं आणि तिथून तेराव्या शतकाच्या आसपास ते इंग्रजीत उतरलं. आता बघा. जी गोष्ट शेवटापर्यंत नेली, जिच्यावर आणखी हात फिरवायचं काही उरलं नाही, ती उत्कृष्ट. धातू पार शेवटपर्यंत शुद्ध केला तर त्यात हीण राहत नाही, म्हणून शुद्ध. सूत शेवटपर्यंत कातलं, पीठ शेवटपर्यंत दळलं की काय होतं? बारीक होतं. मऊ, तलम, नाजूक हे सगळं त्याच्या मागून आलं. धार काढत काढत शेवटाला नेली की तीक्ष्ण. म्हणजे 'छान' आणि 'बारीक' हे 'तडीस नेलेलं' या एकाच अर्थाचे दोन चेहरे आहेत.

आडवाउभा

बरं, हरलो. पण दंड? दंडात कुठला आलाय शेवट? आमचा तर दर महिन्याला भरून संपत नाही.

पूर्वपद

उलट दंडातच शेवट सगळ्यात स्पष्ट दिसतो. मराठीत आपण म्हणतो ना, 'प्रकरण पैसे देऊन मिटवलं'? ते मिटवणं म्हणजे 'फाइन'. मुळात ही शिक्षा नव्हतीच, तडजोड होती. वाद संपवण्यासाठी जी रक्कम द्यायची तिला वाद-समाप्ती म्हणायचे, आणि हळूहळू समाप्तीचं नाव रकमेलाच चिकटलं.

इंग्लंडच्या जुन्या न्यायालयांत याची एक झकास पद्धत होती. जमीन विकायची तर घेणारा देणाऱ्यावर खोटा खटला भरायचा, मग दोघं न्यायालयाच्या परवानगीने समेट करायचे. त्या समेटाचं नाव 'अंतिम करार', थोडक्यात 'फाइन'. परवानगीसाठी राजाला पैसे मोजावे लागत. एकाच कातडी कागदावर करार तीनदा लिहायचा, दोन प्रती शेजारी-शेजारी आणि तिसरी तळाशी आडवी. मग नागमोडी रेषेत कापायचं, म्हणजे कोणी बनावट तुकडा आणला तर कड कडेला जुळणार नाही. दोन प्रती दोन पक्षांना, तळाची न्यायालयाकडे. तळाची म्हणून त्या प्रतीला 'फाइनचा पाय' म्हणत. हे पाय जपून ठेवायला ११९५ मध्ये सुरुवात झाली आणि १८३३ च्या कायद्याने ही पद्धतच बंद केली. सहाशे वर्षांहून जास्त काळ 'फाइन' हा शब्द तिथल्या जमीनदारांना दंडापेक्षा खरेदीखताची आठवण करून देत असणार.

निवांत

म्हणजे 'तोडपाणी'! वाद तोडायचा आणि पाणी पाजायचं. मराठी माणसाला हे शिकवायला नको.

शाईडाग

निवांत, हा शब्द मी अनुवादात वापरणार नाही, पण मनात मात्र आता कायम हाच येणार. पूर्वपद, 'मिटवणे' जबरदस्त. 'हिशेब मिटवला'मध्ये तर संपवणं आणि पैसे देणं दोन्ही एकत्रच आहे.

पूर्वपद

आणि म्हणूनच 'फायनान्स'. तोही याच घरातला. जुन्या फ्रेंचमध्ये 'फिने' म्हणजे देणं चुकतं करून मोकळं होणं. आज फायनान्स म्हटलं की कर्ज सुरू होतं, मुळात ते संपायचं.

बाकी गोतावळा तुम्हाला माहीत आहेच. फायनल, फिनिश, इन्फिनिट. डिफाइन म्हणजे शब्दाला हद्द घालणं, कन्फाइन म्हणजे माणसाला हद्दीत कोंडणं. रिफाइंड तेल तर घराघरांत आहे. या घरातला माझा सगळ्यात लाडका पाहुणा म्हणजे पॅराफिन. १८३० मध्ये कार्ल फॉन रायखेनबाख या रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं. पाहतो तर हे मेण कोणाशी सहसा संयोगच करत नाही. त्याने लॅटिनमधून नाव दिलं, 'पारुम आफिनिस', म्हणजे आप्तसंबंध कमी असलेलं. 'आफिनिस' म्हणजे ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे तो, शेजारी, सोयरा. त्यात पुन्हा तोच फिनिस. मेणबत्तीला एकलकोंडी म्हणणारा तो रसिकच म्हणायचा.

झोपाळा

आणि फियान्से? लग्न ठरलं की सगळं संपलं, म्हणून? 😀

पूर्वपद

नाही हो. ते विश्वासवाल्या मुळातून आलंय, वेगळं घराणं. विनोद चांगला आहे, व्युत्पत्ती वाईट.

कानामात्रा

माझा अनुभव 'बारीक'बद्दल. केसांच्या तेला-शांपूंच्या बाटल्यांवरचा मजकूर मराठीत करायचं काम मी काही काळ केलं. 'फॉर फाइन हेअर' असं यायचं. पहिल्या दिवशी मी सरळ लिहिलं, 'बारीक केसांसाठी'. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, 'ताई, हे नुकतेच केस कापून आलेल्यांसाठी आहे का?' बरोबरच होतं त्याचं! मराठीत बारीक केस म्हणजे आखूड कापलेले. मग 'पातळ केस' केलं, तर त्यातून विरळ असा अर्थ निघाला.

इथे इंग्रजीत 'फाइन' आणि 'थिन' यांत भेद आहे आणि तो खरा आहे. फाइन म्हणजे एकेक केस बारीक तंतूचा, मग डोक्यावर भरगच्च का असेना. थिन म्हणजे केसांची संख्याच कमी. दाट पण फाइन केस असू शकतात, जाड पण विरळही असू शकतात. शेवटी 'नाजूक तंतूच्या केसांसाठी' लिहिलं. लांबलं, पण कोणाचा गैरसमज झाला नाही. 'तलम केस' मला आवडलं होतं, पण वरच्यांना ते साडीचं वाटलं.

गाळणी

कानामात्रा ताई, एक फुकटची माहिती. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. हवेच्या प्रदूषणात 'फाइन' कण म्हणतात ते २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीत जवळजवळ तीस कण शेजारी-शेजारी मावतील. ०.१ च्या खाली गेलं की 'अल्ट्राफाइन'. तिकडे भूशास्त्रात १९२२ च्या वेंटवर्थ मापनश्रेणीत 'फाइन सँड' म्हणजे ०.१२५ ते ०.२५ मिलिमीटरचा दाणा. म्हणजे एका शास्त्रातला फाइन दुसऱ्यातल्या फाइनच्या शंभरपट जाड असू शकतो, आणि दोन्हीकडे तो मोजून-मापून ठरलेला. मराठीत मी कणांना 'सूक्ष्म' लिहितो आणि वाळूला 'बारीक'. वाळूला सूक्ष्म म्हटलं की तीच लाजते.

भौतिकीत १९१६ मध्ये सोमरफेल्डने आणलेला 'फाइन स्ट्रक्चर' स्थिरांक आहे, साधारण एकशे सदतिसांश. तिथेही 'सूक्ष्मसंरचना'च बसतं. सूक्ष्मदर्शकाला दोन चक्रं असतात, मोठं ढोबळ जुळणीचं आणि छोटं फाइन जुळणीचं. आमचे प्रयोगशाळेतले मामा दोन्हींसाठी एकच शब्द वापरत: 'आधी मोठं फिरव, मग बारकं.' आणि चित्र स्पष्ट दिसायचं!

यष्टीमागे

क्रिकेटवाले अजून कसे आले नाहीत? फाइन लेग! तो क्षेत्ररक्षक ना छान असतो, ना बारीक (बहुतेक वेळा अजिबात नसतो), ना त्याला दंड झालेला असतो. दोन्ही टोकांच्या यष्ट्या जोडणारी रेषा सीमेपर्यंत मागे वाढवा. तिच्या जवळ उभा तो फाइन, तिच्याशी काटकोन करून उभा तो स्क्वेअर. म्हणजे फाइन इथे कोनाचा बारीकपणा. कर्णधार 'थोडा फाइन हो' म्हणतो तेव्हा रेषेकडे सरक म्हणतो. याला मराठी शब्द शोधू नका, प्लीज.

निवांत

'फाइन' की 'फाईन'? धागाभर ऱ्हस्व बघून डोळे दुखले.

कानामात्रा

निवांत, ऱ्हस्वच राहू दे. दीर्घ लिहिलं तर दंड.

सोनकस

सोन्याबद्दल कोणी लिहिलं नाही. सोन्यात 'फाइननेस' म्हणजे हजार भागांत शुद्ध सोनं किती. २४ पैकी २२ भाग शुद्ध म्हणजे ९१६, १८ भाग म्हणजे ७५०. दागिन्यावरचा ९१६ चा शिक्का तो हाच. याला मराठीत सुंदर शब्द आहे, 'कस'. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून बघायचं. त्यावरूनच 'बावन्नकशी'. फाइन गोल्डला 'उत्तम सोनं' लिहिणाऱ्यांना कसाला लावलं पाहिजे.

उलटाकौल

पूर्वपदांनी 'शेवट ते उत्तम' हा प्रवास सांगितला. तो आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांतही झालाय, फक्त रोज वापरून आपल्याला दिसत नाही. 'कमाल' बघा. अरबीत कमाल म्हणजे पूर्णत्व. मराठीत कमाल तापमान म्हणजे जिथे पारा जाऊन संपतो ते टोक. 'काय कमाल केलीस' ही शाबासकी. आणि 'कमाल आहे तुझी!' हा संताप. फाइनसारखंच, शेवट, उत्तम आणि टोमणा, तिन्ही.

दुसरा 'तमाम'. अरबीत पूर्ण. आपल्याकडे तमाम जनता म्हणजे झाडून सगळी, आणि 'काम तमाम' म्हणजे खेळ खलास. पण तुर्कीत 'तमाम' म्हणजे 'ठीक आहे, चालेल'. म्हणजे तुर्की माणूस जिथे तमाम म्हणतो तिथे इंग्रज फाइन म्हणतो आणि दोघंही मुळात 'संपलं' म्हणत असतात. आपलं 'झालं तर मग' किंवा 'झालं!' हेही त्याच वाटेवर आहे. 'उद्या येतोस? झालं तर मग.'

आडवाउभा

हा प्रतिसाद फाइन. (अर्थ तुम्ही ठरवा.)

कानामात्रा

अर्थ ठरवायची एक खूण मला सापडली आहे. नामाच्या आधी आलं की फाइन मोठं होतं, एकटं मागे राहिलं की खुजं. 'अ फाइन टीचर' म्हणजे उत्तम शिक्षक, अगदी मान तुकवून. 'द टीचर इज फाइन' म्हणजे शिक्षक बरे आहेत, चालतील, किंवा त्यांचा ताप उतरला. 'अ फाइन परफॉर्मन्स' लिहिणारा समीक्षक खूश आहे. 'इट वॉज फाइन' म्हणणारा प्रेक्षक मध्यंतरात घरी जायचा विचार करत होता.

नाइस, गुड, ओके, ग्रेट यांच्या रांगेत बघितलं तर असं एकदम वर आणि एकदम खाली उभं राहणारं फाइनच. 'ओके' कधी वर चढत नाही, 'ग्रेट' सहसा खाली उतरत नाही. 'नाइस'ची तर गंमतच, लॅटिनमधल्या 'अडाणी' या अर्थाच्या शब्दावरून आलंय ते, मूर्ख, चोखंदळ, काटेकोर अशा पायऱ्या चढत 'छान'वर येऊन बसलं. फाइन उलटं, उत्कृष्टावरून घसरत ठीकवर आलं.

पूर्वपद

आणि आपला 'बरा' अगदी तसाच घसरलाय. तो संस्कृत 'वर' म्हणजे श्रेष्ठ यावरून आला असं मानतात. संतांच्या 'बरवा'मध्ये अजून सौंदर्य आहे. आज 'माणूस बरा आहे' म्हटलं की ऐकणारा विचारतो, 'का, काय झालं?' तेव्हा शाईडाग, 'आय ॲम फाइन'ला मी डोळे मिटून 'बरा आहे' लिहीन. 'मी ठीक आहे' हे मला अजूनही सबटायटलचं मराठी वाटतं.

झोपाळा

सबटायटलवरून आठवलं. परवा एका मालिकेत पाहुणीला विचारतात, 'आणखी पाणी?' ती हात आडवा करून म्हणते, 'आय ॲम फाइन.' खाली मराठी ओळ: 'मी ठीक आहे.' अगं बाई, तुला तहान विचारली, तब्येत नाही! तिथे फाइन म्हणजे चक्क 'नको'. फार तर 'नको, पुरे'.

गाळणी

तसंच 'वन फाइन डे'चं 'एका सुंदर दिवशी'. त्या दिवशी कथेत धो धो पाऊस असतो आणि नायकाची नोकरी जाते. 'एके दिवशी' लिहा आणि सुटा. फारच वाटलं तर 'एक दिवस अचानक'. ते फाइन तिथे हवेचंही नाही आणि छानचंही नाही, नुसती लय आहे.

सोनकस

'फाइन आर्ट्स'ला मात्र 'ललित कला' हा शब्द ज्याने जोडला त्याला सलाम. शब्दशः करायचं असतं तर 'बारीक कला' झालं असतं.

आडवाउभा

बारीक कला म्हणजे तांदळावर नाव लिहिणं.

यष्टीमागे

'फाइन-टूथ कोम'ला तर आपल्याकडे स्वतंत्र शब्दच आहे, फणी! इंग्रजाला कंगवा आणि फणी यांत भेद करायला विशेषण लागतं, आपल्याला नाही. पण 'फाइन-टूथ कोमने तपासलं' याला 'फणीने तपासलं' लिहू नका, उवा शोधताय असं वाटेल. पिंजून काढलं, बस.

निवांत

कायद्याच्या मराठीत 'पेनल्टी' आणि 'फाइन' यांत गोंधळ होतो, तेवढं लिहून ठेवतो. सरकारी परिभाषेत पेनल्टी म्हणजे शास्ती आणि फाइन म्हणजे दंड किंवा द्रव्यदंड. करारपत्र करत असाल तर अदलाबदल नको. आणि त्याच करारातली 'फाइन प्रिंट' म्हणजे 'सुबक छपाई' नव्हे. हे मी एका छापील मराठी मसुद्यात पाहिलंय. सुबक छपाई काळजीपूर्वक वाचा म्हणे.

शाईडाग

हसून पोट दुखलं. आता कथेतली अडचण, कारण पाया भरपूर पक्का झाला.

नवरा-बायको. रात्रीचे दहा. तो दाराशी उभा राहून चप्पल घालता घालता सांगतो की तो पुन्हा एकदा मित्राकडे चाललाय, लवकर येईल. ती ताटं आवरते आहे. वर न बघता म्हणते, 'फाइन.' शब्द एकच, पुढे पूर्णविराम. परिच्छेद संपला. लेखकाने 'रागाने', 'थंडपणे' असलं काही लिहिलेलं नाही, आणि मलाही घालायचं नाही. मी आतापर्यंत 'ठीक आहे', 'छान', 'जा' एवढं लिहून खोडलंय.

झोपाळा

'छान.' ठेवा की. टोमणा आपोआप येतो.

कानामात्रा

नाही, 'छान'मध्ये टोमणा उघडा पडतो. ही बाई उघडं पडू देणाऱ्यांतली दिसत नाही. 'ठीक आहे' म्हटलं की खरंच ठीक आहे असं वाटेल. मी 'बरं.' लिहीन. त्याला होकार ऐकू येईल आणि वाचणारीला बाकीचं.

उलटाकौल

'बरं' फार मऊ आहे. तिथे पूर्णविराम ताटाच्या आवाजासारखा वाजला पाहिजे. 'असू दे.'? किंवा 'झालं.' मी वर म्हटलं तसं, मुळातला 'संपलं' हा अर्थही येतो. पण 'झालं' म्हटलं की ती आवरणं संपल्याचं सांगते आहे असं वाटायचा धोका आहे.

पूर्वपद

शाईडाग, ती त्याला 'तू' म्हणते की 'तुम्ही'? 'तू' असेल तर 'ये जाऊन.' बघा. सगळं रोजचं आहे त्यात, निरोप द्यायचीच रीत. फक्त ती वर बघत नाहीये.

आडवाउभा

आमच्याकडे अशा वेळी 'किल्ली घेऊन जा' म्हणतात.

शाईडाग

आडवाउभा, तुम्ही पहिल्या प्रतिसादात जे घालवलंत ते व्याजासकट परत दिलंत. पण मूळ लेखिकेला किल्लीचा हिशेब द्यावा लागेल, तेव्हा मोह आवरतो. ती 'तू'च म्हणते. आत्ता 'बरं.' आणि 'ये जाऊन.' दोन्ही कागदावर आहेत, मोठ्याने वाचून बघतोय. बायकोलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली 'फाइन', आता हेही कुठल्या अर्थाने ते विचारायची हिंमत नाही.

आणि हो, दोन पानं पुढे नवरा चुकीच्या जागी गाडी लावतो आणि तिथल्या पाटीवर 'फाइन फॉर पार्किंग' लिहिलेलं असतं. म्हणजे एका वाचनात 'गाडी लावल्यास दंड', दुसऱ्यात 'गाडी लावायला हरकत नाही', आणि तो दुसरंच वाचतो. सगळी गंमत त्या पाटीवर उभी आहे. तेवढं सुटलं नाही तर परत येतो.